गोड्या पाण्याचा समुद्र

पार्बताबाईंच्या घरात शेकडो समुद्र होते, आणि त्यांतला एकही त्यांना मनापासून आवडत नव्हता. ट्रंकेत समुद्र, फडताळात समुद्र, भिंतीवर खिळ्याला टांगलेले समुद्र. कागद सपाट राहावा म्हणून शालिकराम मास्तर वाळलेली चित्रं गादीखाली घालून ठेवत. "लोकाइच्या बायका गादीवर झोपतात, मी समुद्रावर झोपते," असं पार्बताबाई शेजारणींना सांगत. "अन् तरी कोरडी उठते, एवढंच काय ते नशीब माहं."

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. बाळापूर तालुक्यातल्या निंबखेडच्या शाळेत ते सगळे विषय शिकवत आणि ड्रॉइंग जरा जास्तच शिकवत. तरुणपणी ड्रॉइंगच्या परीक्षेसाठी ते अकरा महिने मुंबईला राहून आले होते. परीक्षा पास झाले, पण येताना सर्टिफिकेटाबरोबर समुद्रही डोक्यात घेऊन आले, आणि पुढे छत्तीस वर्षं त्यांनी दुसरं काही म्हणून काढलं नाही. भोवती मैलोगणती काळी जमीन, तिच्यात कपाशी आणि ज्वारी, टेकडी म्हणावी असा उंचवटासुद्धा नाही. अशा गावात बसून हा माणूस रोज सकाळी पितळी वाटीत पाणी घेई, रंगाची पेटी उघडी आणि लाटा काढी.

"एखांदी गाय काढा. देऊळ काढा," पार्बताबाई म्हणत.

"जे समोर आहे ते काढायचं कशाला? ते आहेच." चित्राबद्दल बोलताना मास्तर पुस्तकी मराठी बोलत. पोटाबद्दल बोलताना मात्र सरळ वऱ्हाडीवर येत. "भाकर झाली काय वं?" यात त्यांना कधी व्याकरण लागलं नाही.

गावानं हा समुद्र आपल्या परीनं समजून घेतला होता. शेजारच्या सहदेवानं पहिल्यांदा चित्र पाहिलं तेव्हा तो बराच वेळ मान वाकडी करून उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, याचा पल्याडचा काठ काहून नाई काढला? कागद पुरला नाई का?" मास्तरांनी त्याला अर्धा तास समजावलं. सहदेवानं सगळं ऐकून घेतलं आणि जाताना पार्बताबाईंना हळूच सांगितलं, "पुढच्या खेपेले मी अकोल्याहून मोठा कागद आणून देतो."

मास्तरांची आणखी एक खोड होती. कुंचल्याला टोक यावं म्हणून ते तो ओठांत धरून ओढत. त्यामुळे त्यांच्या पांढऱ्या मिशीचं उजवं टोक बारा महिने निळं असे. "महादेवाचा गळा निळा झाला, तं त्यानं जग तरी वाचवलं," पार्बताबाई म्हणायच्या. "तुमची मिशी निळी होऊन कोणाचं काय वाचलं?"

पण एक गोष्ट त्यांनाही कबूल करावी लागे. मास्तरांच्या समुद्राला एक दाणा होता. निळा रंग कागदावर वाळला की त्यात बारीक बारीक ठिपके उमटत, रंग जागोजाग फाटल्यासारखा होई आणि लाटेच्या कडेला खरोखरीचा फेस सुटल्यासारखा दिसे. काठावरची ओली वाळू तर अशी, की बोट लावून पाहावंसं वाटे. खुशालराव म्हणून ड्रॉइंगचे एक तपासनीस अकोल्याहून शाळा पाहायला आले होते, ते शाळा विसरून चित्रासमोरच बसले. "मुंबईचे मोठमोठे चित्रकार पाहिले, पण हा फेस नाही पाहिला. कसा आणता हो?"

मास्तरांनी मान किंचित खाली घातली आणि म्हणाले, "हाताचा गुण आहे, साहेब."

ते वाक्य त्यांनी घरी येऊन दोनदा सांगितलं. पार्बताबाई म्हणाल्या, "मंग याच हातानं एक दिवस पानी भरून पाहा."

आता ही पाण्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पार्बताबाईंचा सगळा जन्म तिच्यात गेला. निंबखेड हे खारपाण पट्ट्यातलं गाव. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा पट्टा वरून पाहिला तर सोन्यासारखी काळी जमीन, आणि विहीर खणली की खाली खारट पाणी. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, केसांचा कुंचा होतो आणि चहा प्यायला की आपण चहा प्यालो की औषध हे कळत नाही. प्यायचं पाणी तीन कोसांवरून बैलबंडीनं आणायचं, बाकी सगळं खाऱ्यावर.

आणि पार्बताबाई आल्या होत्या चांदूर बाजारहून. माळ्याची लेक. बापाचा भाजीचा मळा, फुलांचे वाफे, मळ्यात विहीर, आणि विहिरीला असं गोड पाणी की मोट रिकामी होताना पोरं खाली तोंड धरून उभी राहायची. त्या बापानं लेक खाऱ्या पाण्यात दिली कशी? तर फसून. सोयरे मुलगा पाहायला यायचे झाले की निंबखेडात एक रीत होती: आदल्या दिवशी गोड्या पाण्याची घागर आणून, ओलं फडकं गुंडाळून, वेगळी झाकून ठेवायची. पार्बताबाईंच्या वडिलांनी मुलाची नोकरी विचारली, शेत विचारलं, पत्रिका पाहिली, वर तांब्याभर थंडगार पाणी पिऊन "वा!" म्हटलं आणि सुपारी फोडली. माळ्याच्या जातीचा माणूस, जन्म पाण्यावर काढलेला. पण विहिरीत डोकावून पाहायचं काही त्याला सुचलं नाही.

लग्नानंतर पहिल्या सकाळी नव्या नवरीनं चूळ भरली आणि तशीच थुंकली. तिला वाटलं, सासूनं थट्टा केली. थट्टा छत्तीस वर्षं चालली. माहेराहून परत येताना त्या दर खेपेला एक घागर गोडं पाणी घेऊन येत. दुसऱ्या बायका माहेरून लुगडं आणत. ती घागर पुरवून पुरवून वापरत, सणाच्या वरणाला, आजारी माणसाच्या पेजेला, आणि कधी फार जीव कावला तर एक वाटी नुसती प्यायला. निंबखेडच्या विहिरीला त्या सवत म्हणत. "मास्तराइची पहिली बायको," म्हणायच्या, "मी दुसरी."

मास्तरांनी लग्नाच्या वर्षीच शब्द दिला होता. नोकरी सुटली की गोड्या पाण्याच्या गावी राहू. त्या शब्दावर पार्बताबाईंनी किती डाळी अर्धवट शिजवल्या याला गणती नाही.

शब्द खरा झाला. मास्तर नोकरीतून मोकळे झाले आणि थोरला देवीदास, अमरावतीच्या कचेरीत कारकून होता, तो आईबापांना न्यायला आला. बुधवाऱ्यात दोन खोल्यांचं घर, आणि अंगणात नळ. वडाळीच्या तळ्याचं पाणी. पार्बताबाईंनी पहिल्या दिवशी तोटी सोडली, ओंजळ भरून प्याल्या, आणि नळाशेजारीच बसून राहिल्या. सून शकुन घाबरून बाहेर आली.

"काय झालं, आत्याबाई?"

"काई नाई. तू जा. मी पानी पाहून राहिली."

त्या आठवड्यात त्यांनी घरातलं सगळं धुतलं. जे धुतलेलं होतं तेही धुतलं. साबणाचा फेस कोपरापर्यंत चढला की त्या एकट्याच हसत. डाळ तर अशी शिजे की पळीनं घोटायचंसुद्धा काम नाही. नळावर शेजारच्या लीलाबाई "पाणी आज गढूळच आलं, नाही का?" असं म्हणाल्या, तेव्हा पार्बताबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की लीलाबाईंनी पुन्हा पाण्याला नाव ठेवलं नाही.

मास्तरांचं मात्र बिनसलं.

अमरावतीत त्यांनी पहिला समुद्र काढला तो पार्बताबाईंनीही ओळखला नाही. निळा रंग सपाट पसरला आणि सपाटच वाळला. ना दाणा, ना फेस. "हे धोतर कोणाचं वाळत घातलं?" त्यांनी सवयीनं विचारलं, आणि मास्तर सवयीप्रमाणे चिडले नाहीत तेव्हा त्यांना जरा चमत्कारिक वाटलं. दुसरा समुद्र तसाच. तिसरा तर मास्तरांनी पूर्ण केलाच नाही. आधी कागदाला दोष दिला, मग बुधवाऱ्यातल्या धुराला, मग चष्म्याला. देवीदासानं नवा चष्मा करून आणला. नव्या चष्म्यातून समुद्र आणखी स्पष्ट सपाट दिसला.

आषाढात खुशालरावांचं पत्र आलं. तेही आता निवृत्त होते, पण स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. दिवाळीत अकोल्याला जुन्या ड्रॉइंग मास्तरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवणार होते. "आपला एक नवा समुद्र हवा," असं त्यांनी लिहिलं होतं, आणि 'नवा'खाली रेघ ओढली होती. "मधली भिंत आपल्यासाठी राखली आहे."

मास्तरांनी पत्र चारदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "हात गेला आता. कळवून टाकतो नाही म्हणून."

पण ते पत्र काही लिहून झालं नाही. त्यानंतर ते ओट्यावर बसू लागले. शकुनला भाजी निवडून देऊ लागले. जेवताना "वरण छान झालंय" म्हणू लागले. छत्तीस वर्षांत या माणसानं वरणाकडे पाहून जेवण केलं नव्हतं, समुद्राकडे पाहूनच केलं होतं. हळूहळू मिशीचं टोक पांढरं झालं. पार्बताबाईंनी सगळ्यात आधी तेच पाहिलं. थट्टा करायला काही उरलंच नव्हतं. एक दिवस मास्तरांनी रंगाची पेटी पुसून शकुनपुढे ठेवली. "रांगोळीत घालायला होतील," म्हणाले. शकुननं ती सासूकडे आणून दिली, आणि सासूनं डाळीच्या डब्यामागे लपवली.

श्रावणात झड लागली. निंबखेडहून आणलेला एक जुना समुद्र भिंतीवर होता, बिनकाचेचा, बांबूच्या पट्ट्यांत बसवलेला. हवा दमट झाली की मास्तरांच्या चित्रांना घाम येई, ही जुनीच गोष्ट. निंबखेडचे लोक तर पेरणीच्या दिवसांत चित्राला हात लावून जात, ओलं लागलं की बियाणं काढत. सहदेवाचा पंचांगापेक्षा मास्तरांच्या समुद्रावर जास्त भरवसा होता.

तर त्या जुन्या समुद्राला घाम आला आणि एक ओघळ खाली येऊ लागला. पार्बताबाई पदरानं पुसायला गेल्या. पुसता पुसता नजर शेजारच्या नव्या, अमरावतीच्या समुद्राकडे गेली. तो ठणठणीत कोरडा. एकच भिंत, एकच हवा, एकाच माणसाचा हात. मग एकाला घाम आणि दुसऱ्याला नाही? त्यांनी ओलं बोट जिभेला लावलं. मग इकडेतिकडे पाहिलं, टाचा उंचावल्या, आणि चित्राची कड सरळ चाटून पाहिली.

खारट. साधं खारट नाही, जिभेच्या मुळाशी कडवट होत जाणारं खारट. ही चव त्यांना झोपेतही ओळखू आली असती.

त्यांनी नवा समुद्रही चाटला. तो कागदासारखा लागला.

"आत्याबाई!" मागे शकुन उभी होती, हातात परात. "काय करून राहिल्या तुमी?"

"समुद्र चाखून राहिली," पार्बताबाई म्हणाल्या. "जा, पोळ्या लाट."

त्या तिथेच खाली बसल्या. सवतीनं इथेही गाठलं होतं. हाताचा गुण नव्हता तो, विहिरीचा होता. ज्या पाण्यात डाळ शिजत नव्हती त्या पाण्यात समुद्र शिजत होता. त्यांना आधी हसू आलं, इतकं की पदर तोंडात कोंबावा लागला. छत्तीस वर्षांची मोठी थट्टा आयती हातात आली होती. आत्ता ओट्यावर जाऊन म्हणावं, "मास्तर, तुमच्या हाताले काई झालं नाई, तुमची पहिली बायको तेवढी मागं राहिली."

पण त्या उठल्या नाहीत. सांगितलं तर दोन गोष्टी होणार होत्या. एक, ज्या गुणावर हा माणूस साठ वर्षांचा झाला तो गुण त्याचा नव्हता हे त्याला कळणार होतं, तेही बायकोच्या तोंडून. आणि दुसरी, तो उद्याच्या उद्या ट्रंक भरणार होता. निंबखेडचं घर होतं तसंच उभं होतं. परत ती विहीर, परत ती डाळ, परत तीन कोसांवरची बंडी, आणि या वेळी मरेपर्यंत. अंगणातल्या नळाचं पाणी बादलीत पडत होतं, त्याचा आवाज त्यांना ऐकू येत होता. नाही, त्या मनाशी म्हणाल्या. मी नाही जायची. एकदा फसून गेले, आता डोळे उघडे ठेवून नाही जायची.

आठ दिवस त्या गप्प राहिल्या. गप्प पार्बताबाई हा प्रकार घरात कोणी पाहिला नव्हता. देवीदासानं वैद्याला आणू का म्हणून विचारलं.

नवव्या दिवशी त्यांनी उपाय काढला. मीठ काय, घरातही असतंच. त्यांनी रंगाची पेटी डाळीच्या डब्यामागून काढली, पुसली, मास्तरांपुढे ठेवली. "एक डाव काढून पाहा. माह्यासाठी." मास्तर नको नको म्हणाले आणि बसले. पितळी वाटीत पाणी पार्बताबाईंनी स्वतः आणून दिलं, आणि त्यात दोन चिमटी मीठ टाकलं होतं. सवयीनं तिसरीही टाकली.

मास्तरांनी कुंचला बुडवला, ओठांत धरला, आणि क्षणभर थांबले. वाटीकडे पाहिलं. पार्बताबाई तांदूळ निवडण्यात अगदी गढून गेल्या होत्या. मग मास्तर चित्र काढू लागले. वाळल्यावर कागदावर पांढरे खडे चमकू लागले आणि निळा रंग भुरकट झाला. समुद्राला फेस नाही, कोड आल्यासारखं झालं.

"पाहिलंस?" मास्तर म्हणाले. "हातच गेला." आणि त्यांनी पेटी मिटली. पण मिटताना ते बायकोकडे जरा वेळ पाहत राहिले, हे तिला दिसलं नाही, कारण ती तांदळात खडे शोधत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

पोळा झाला, महालक्ष्म्या झाल्या. दिवाळी जवळ येऊ लागली. तेव्हा पार्बताबाईंनी जाहीर केलं की निंबखेडच्या घराला दसऱ्याआधी पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायचा आहे आणि त्या स्वतः जाणार आहेत. बरोबर काय न्यायचं? तर तांब्याची मोठी घागर. घराला पोतारा द्यायला घागर कशाला, असं देवीदासानं विचारलं. "तू कचेरीत विचारत जा असे प्रश्न," आई म्हणाली.

अकोल्याच्या स्टेशनावर सहदेव बंडी घेऊन आला होता. घराला खरंच पोतारा दिला, खोटं बोलायचं नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी पार्बताबाई विहिरीवर गेल्या. दोर सोडला. छत्तीस वर्षं हाताला घट्टे पाडणारा तोच दोर. घागर भरली, तोंडाला फडकं बांधलं, वर दोरी आवळली.

सहदेव पाहतच राहिला. "वैनी, सारं जग या गावात गोडं पानी आणते. तुमी खारं नेऊन राहिल्या?"

"त्याइच्या हाताले पाह्यजे," पार्बताबाई म्हणाल्या. सहदेवानं आणखी विचारलं नाही. औषध असेल असं त्याला वाटलं, आणि मास्तरांना हाताचा काही रोग जडल्याचं त्यानं संध्याकाळपर्यंत गावभर केलं.

खरी परीक्षा गाडीत झाली. डबा गच्च, ऊन भाद्रपदाचं. मूर्तिजापूर सोडल्यावर समोरच्या बाईचा जीव पाणी पाणी करू लागला. तिनं घागरीकडे पाहिलं, आधी पार्बताबाईंची जात विचारून घेतली, समाधान झालं आणि ओंजळ पुढे केली.

"पेयाचं नाई ते," पार्बताबाई म्हणाल्या.

"मंग कशाचं हाय?"

"खारं हाय."

डब्यातल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. घागर मांडीत धरून बसलेली, तहानलेल्या माणसाला पाणी नाकारणारी, वर ते खारट आहे म्हणून सांगणारी बाई कोणी पाहिली नव्हती. "असं कोणी गाडीतून खारं पानी नेते काय?" एक म्हातारी म्हणाली. "पान्याले नाई म्हणू नये बाई, पाप लागते." दुसरी म्हणाली, "तांब्याची घागर हाय, जीवही तांब्याचाच दिसते." ज्या बाईनं जन्मभर खाऱ्या पाण्याला शिव्या दिल्या तिला आता ते चोरून नेल्याच्या आळाखाली बसावं लागलं. पार्बताबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी फडकं सोडलं आणि वाटीभर पाणी समोर धरलं.

तहानलेल्या बाईनं मोठा घोट घेतला आणि खिडकीतून बाहेर थुंकला. "माय वं! खरंच खारं हाय!"

मग मात्र सगळ्यांची नजर बदलली. म्हातारीनं मायेनं विचारलं, "घरी कोणी हाय काय तुले बाई, पाहणारं?" पार्बताबाई घागरीला पुन्हा फडकं बांधू लागल्या. बडनेऱ्याला गाडी बदलेपर्यंत त्यांच्यासाठी जागा आपोआप मोठी होत गेली. मांडीतली घागर मात्र त्यांनी खाली ठेवली नाही, कारण प्रत्येक धक्क्याला त्यांना वाटे की थोडा समुद्र सांडेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा पेटी काढली. मास्तर या वेळी नको म्हणाले नाहीत. बायको तीन दिवस बाहेर राहून आली, काळवंडून आली, आणि घागर कुठे ठेवली ते सांगेना, एवढं त्यांनी पाहिलं होतं. ओट्यावर कागद ताणला गेला. पितळी वाटी आली. पार्बताबाई सूप घेऊन दोन हातांवर बसल्या.

मास्तरांनी कुंचला बुडवला. ओठांत धरला. आणि तसेच बसून राहिले, ओठ मिटलेले, डोळे मिटलेले, इतका वेळ की पार्बताबाईंचे हात सुपात थांबले.

मग त्यांनी चित्र काढलं. एका दमात काढलं, मान वर न करता. ऊन चढत गेलं तसा कागद वाळत गेला, आणि निळा रंग जागोजाग फाटला, दाणा उमटला, लाटेची कड पांढरी झाली. काठावरची वाळू ओली दिसू लागली. पार्बताबाईंना आयुष्यात पहिल्यांदा एक समुद्र आवडला.

"आला काय हात परत?" त्या म्हणाल्या, आणि आवाज सांभाळायला सूप जोरानं पाखडलं.

मास्तरांनी कुंचला वाटीत ठेवला. "आपल्याच विहिरीचं हाय," ते म्हणाले. पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली होती. "मारुतीपाशच्या विहिरीचं यापरीस कडू लागते."

सूप थांबलं.

"छत्तीस वर्षं ब्रश तोंडात घालून राहिलो, पार्बते. मले पान्याची चव नाई कळनार? त्या दिवशी तू मीठ टाकलं, तेही कळलं. तीन चिमटी."

"म्हंजे तुमाले ठाऊक होतं? विहिरीचं?"

"पहिल्यापासून. मुंबईले काढलेले समुद्र सपाटच होते माहे. निंबखेडात आलो अन् फेस आला."

"अन् त्या साहेबाले हाताचा गुण म्हणून सांगतलं!"

"मंग काय सांगू? विहीर खारी हाय म्हणू?" मास्तर मिशीत हसले, आणि मिशीचं टोक निळं झालं होतं.

पार्बताबाईंना संताप आला. आठ दिवस गप्प बसणं, चोरून मीठ टाकणं, गाडीतल्या त्या बायकांच्या नजरा, सगळं एकदम वर आलं. "मंग अथी आल्यावर बोलले काहून नाई? हात गेला, हात गेला म्हणून ओट्यावर बसून राहिले, भाजी निवडत! मले सांगाले काय झालं होतं?"

मास्तरांनी वाटीतला कुंचला काढून पुसला. मग म्हणाले, "तुह्या बापाले आमी गोडं पानी पाजून फसवलं. मी तठीच उभा होतो. त्यानं वा म्हटलं, अन् मी खाली पाहिलं. तू नळापाशी बसून रडली त्या दिवशी, ते पाहिलं मी खिडकीतून. आता कोन्या तोंडानं म्हणू, चाल परत खाऱ्या पान्यात? हात गेला म्हणनं सोपं होतं."

पार्बताबाईंनी पदरानं डोळे पुसले, उघड उघड पुसले. अंगणात शकुननं नळ सोडला होता आणि बादली भरून वाहत होती, तरी कोणी तिला हटकलं नाही.

थोड्या वेळानं त्या उठल्या आणि आतून घागर घेऊन आल्या. ओलं फडकं गुंडाळलेली, वर झाकणी ठेवलेली. निंबखेडात सोयऱ्यांसाठी गोड्या पाण्याची ठेवत तशी.

"एका घागरीत किती समुद्र होतात?"

मास्तरांनी घागरीत डोकावून अंदाज घेतला. "मोठे असले तं चाळीस-पन्नास."

"लहान काढा," पार्बताबाई म्हणाल्या. "अन् वाटी धुवाले हे पानी नाई घ्याचं, ते नळाचं घ्या. मले दर महिन्याले निंबखेडले जानं होनार नाई. दिवाळीले अकोल्याले जाऊ तवा येताना भरून आणू."

"गाडीत लोक काय म्हणतीन?"

"म्हणून झालं त्याइचं," पार्बताबाई म्हणाल्या, आणि घागर उचलून नळापासून दूर, देवाच्या कोनाड्याखाली नेऊन ठेवली.